रविवारी मी दोनदा मरतो

सिअॅटल, १० ऑगस्ट १९८६

आणि ऑफिसरच्या टोपीतला फोटो मिळणार नाही म्हणजे नाही, मामा. तीन पत्रं झाली, तुम्ही तेच लिहिता, मीही तेच लिहितो, पोस्टखात्याची तेवढी चैन चाललीय. माझ्याकडे तसली टोपी नाही. लोकरीची कानटोपी आहे, तिला कुत्र्याचा वास येतो, कारण आधी तिच्यावर कुत्रा झोपायचा.

(रागाच्या भरात नमस्कार राहिला. ती. हेमचंद्रमामांच्या चरणी श्रीरंगाचा साष्टांग नमस्कार. तुमचा दमा कसा आहे? मामीचा गुडघा? आईला सांगा मी धडधाकट आहे, आणि याच्या पुढचं तिला वाचून दाखवू नका.)

तुम्ही पद्मिनीच्या वडिलांना सांगितलंत, भाचा जहाजावर ऑफिसर आहे. मी नसताना पाटावर माझा फोटो ठेवून सुपारी फोडलीत. मी मालवाहू बोटीवर भांडी घासायला निघालो, हे तुम्हाला ठाऊक होतं, कारण एजंटाकडे तुम्हीच नेलंत. ती कंपनी बुडाली, बोट इथे जप्त झाली, पगार गेला. आता मी आहे जहाजावरच, पण ते चालत नाही. पंचाहत्तर वर्षांपूर्वी ते दक्षिण ध्रुवाच्या बर्फात गेलं होतं. सध्या इथल्या तळ्यात बांधून ठेवलंय आणि त्या काळी खलाशी कसे जगत ते बघायला लोक तिकीट काढून येतात. तसं जगून दाखवायला आम्ही सहा जण. सकाळी घंटा झाली की डेक घासायचा, थर्मोकोलच्या हिमनगावरची पाखरांची घाण पुसायची, मग सीलचं मटण टांगायचं (ते रबराचं आहे, आम्हाला खायला मिळतात ती बिस्किटं खरी, पण चावायला रबर बरं). ऑगस्टचं ऊन, अंगात तीन स्वेटर, वर कातडी कोट, आणि कुडकुडायचं. घामाच्या धारा लागल्या की कप्तान लोकांना सांगतो, याला ताप आहे. (कप्तान दुपारपर्यंत विमा विकतो आणि मग दाढी चिकटवतो.)

नियम एकच, १९११ सालानंतरचा शब्द तोंडातून काढायचा नाही, काढला तर अर्धा दिवस कापतात. मी चौथीत शाळा सोडलेला. मला १९११चं इंग्रजी येत नाही आणि आत्ताचंही येत नाही. म्हणून मला न बोलण्याचं काम दिलं. मी आजारी माणूस आहे, मामा. लिंबू, ताजं फळ काही न मिळाल्याने हिरड्या सडलेला. रोज हिरड्यांना बीटाचा रस लावतात, मी फळीवर पडून कण्हतो आणि चार वाजता मरतो. रविवारी गर्दी असते, म्हणून दोनदा. मेलो की मला कॅनव्हासमध्ये गुंडाळून घसरफळीवरून तळ्यात सोडतात (खाली जाळं असतं, गेल्या महिन्यात एकदा नव्हतं). ज्याचं सोंग मी घेतो त्या खऱ्या मेलेल्याचं नावसुद्धा जहाजाच्या वहीत नाही, नुसतं 'भांडीवाला' लिहिलंय. त्याच्या आईला तेव्हाच्या कप्तानाने कळवलं होतं की तुमचा मुलगा शेवटपर्यंत आनंदात होता. हे मला समजलं त्या दिवशी मरताना वेगळं सोंग करावं लागलं नाही.

आता मुख्य घात ऐका. गेल्या रविवारी इथल्या महाराष्ट्र मंडळाची सहल आली. वीसेक माणसं, पुऱ्यांचे डबे, लोणच्याच्या बरण्या. माझ्या फळीपाशी एक काकू थांबल्या. "अहो, हा आपल्याकडचा वाटतो." त्यांचे यजमान म्हणाले, "काहीतरीच तुझं, सुनेत्रा! आपली माणसं असली कामं करतात का? मेक्सिकन असेल." मी कण्हलो. मग काकू शेजारच्या बाईंना सांगू लागल्या, "आमच्या पद्मिनीचं जमलंय ना, तोही जहाजावर असतो. पण ऑफिसर हं! दिवाळीला आमच्या घरी, बॉथेलला बोलावणार आहे त्याला." मामा, पद्मिनीची सख्खी काकू माझ्या उशाशी उभी, आणि तिचा मुलगा अमित माझा अंगठा पिरगाळून विचारतोय, "मॉम, इज ही डेड?" काकू म्हणाल्या, "नाही रे, लिंबू मिळालं नाही बिचाऱ्याला," आणि गंमत म्हणून लिंबाच्या लोणच्याची फोड माझ्या तोंडात घातली.

अकरा महिने झाले होते लोणचं खाऊन. माझे डोळे भरून आले आणि मी म्हणालो, "काकू, आणखी एक."

काकूंच्या हातून चमचा पडला. "मराठी? नाव काय तुमचं?" राजाराम असं खोटंच सांगणार होतो, अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्या बाईने लोणचं भरवलं तिला तोंड आंबट असताना थाप मारवेना. "श्रीरंग," म्हणालो. तेवढ्यात चारची घंटा झाली आणि मला मरावं लागलं. कॅनव्हास आवळताना बाहेरून काकूंचा आवाज येतोय, "आडनाव काय हो? गाव कुठलं? थांबा जरा, त्याला बोलू द्या!" फळीवरून घसरेपर्यंत विचारत होत्या. मेलेल्याला उत्तर देता येत नाही. वर 'आणखी एक'बद्दल माझा अर्धा दिवस कापला.

पद्मिनीला मी एकदाच पाहिलंय, पिठाच्या गिरणीत. भुवया पिठाने पांढऱ्या, आणि छटाकभर कमी भरलं म्हणून गिरणीवाल्याला सोलून काढत होती. अशा मुलीला आपण अख्खा माणूस खोटा दिला. रात्रंदिवस तेच डोक्यात असतं, बिस्किट गिळवत नाही. पडून राहायचं काम आहे, त्यामुळे विचाराला वेळही भरपूर.

लहानांस आशीर्वाद, मोठ्यांस नमस्कार, आणि तुम्हाला काय द्यावं ते अजून ठरलेलं नाही.

आपला भाचा,
श्रीरंग

ता. क. १. काकूंकडे फोन आहे, माझ्याकडे पोस्टाचं पाकीट. हे मिळेल तेव्हा तिकडे सगळं कळलेलं असेल. तरी तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जा आणि थाप तुमची होती असं म्हणा. दमा मधे आणू नका.

ता. क. २. सुपारीच्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी अर्ध्या तोळ्याची अंगठी दिली, हे आईने कळवलं. ती तुम्ही विकली असणार. शपथ घेऊ नका, मी तुम्हाला लहानपणापासून ओळखतो. तिची भरपाई सोबतच्या ड्राफ्टने करा.

ता. क. ३. वडिलांशी बोलून झाल्यावर पद्मिनीशी बोला. भांडीवाला आहे, चौथी शिकलाय, रोज चार वाजता मरतो, असं सगळं सांगा. नको म्हणाली तर पैसे तिच्या वडिलांच्या हातात ठेवून निमूट परत या. चालेल म्हणाली, तर याच पैशांत अंगठी करा, पण तिच्या बोटाच्या मापाची. ड्राफ्ट अठ्ठ्याण्णव डॉलरचा आहे.