चाक मी बांधलं, बाबा

बाबा, मी सायकल बांधली. विकत नाही घेतली, बांधली. तुम्ही असता तर सीट धरून उचलली असती आणि आधी मागचं चाक फिरवून पाहिलं असतं, म्हणून चाकाचंच आधी सांगते. ते सरळ आहे.

दहावीत होते मी. तुम्ही चहाला गेलेले, साकोलीच्या आपल्या दुकानात मी एकटी, आणि पोस्टमनकाकांचं चाक स्टँडला लावलेलं. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा तर स्पोक आवळायचे, एवढंच मला ठाऊक. मग काय, दिसेल तो स्पोक आवळत सुटले. तुम्ही परत आलात तोवर चाकाचा पापड झाला होता. तुम्ही ओरडला नाहीत, तेच जास्त लागलं. चाकाकडे बघत म्हणालात, "हात चांगला हाय, पोरी. पण तुले भारी घाई हाय. चाक बांधनं तुयाच्यानं नाही होत." त्यानंतर मला पंक्चर दिलंत, ब्रेक दिलेत, चेन दिलीत, पण चाक कधी हातात दिलं नाहीत. मी शिक्षिका झाले, लग्न झालं, तुम्ही गेलात, रस्ता रुंद झाला त्यात दुकानही गेलं. तुमचं ते वाक्य मात्र कुठे गेलं नाही. राग होता बाबा मला त्याचा, खोटं कशाला बोलू.

आता माझी शाळा अशा गावाला आहे की अर्धा रस्ता डांबरी, पुढे मुरूम, मग तलावाची पार, म्हणजे मातीचा उंच बांध, आणि शेवटी धानाच्या बांध्यांमधला पायवाटेएवढा धुरा. स्कूटी दोनदा आडवी झाली, तेव्हा सगळीकडे चालेल अशी दणकट सायकलच पाहिजे असं मी ठरवलं. तुमचे जावई म्हणाले, जाड टायरची तयार मिळते की, काहून जिवाले त्रास करून राहिली? मी म्हटलं, मी सायकलवाल्याची पोरगी आहे. भंगारातून चांगली फ्रेम शोधली, टायर आणले, आणि कॅरिअर मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरकडून करून घेतलं. त्यानं ते ट्रॉलीच्याच हिशेबानं केलं. त्यावर धानाचं पोतं सोडा, तुमचे जावईसुद्धा बसतात, आणि त्यांचं वजन तुम्ही गेल्यानंतर बरंच वाढलंय.

मागच्या चाकाला तुमच्या काळ्या सायकलचं हब घालायचं मी मनाशी धरलं होतं. तीन संध्याकाळी अंगणात बसून स्पोक ओवले. तिसऱ्या संध्याकाळी हबला चार छेद उरले. नव्या रिमला छत्तीस छेद, तुमच्या हबला चाळीस, आणि या बाईनं मोजलेच नव्हते! हे चहा घेऊन आले, हबकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ दाबून धरले. हसायचं असेल तर हसून घ्या, म्हटलं. परवानगीचीच वाट बघत होते जणू, चहा सांडेपर्यंत हसले.

मग छत्तीसचं हब आणलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. स्पोक पाव फेरा आवळायचा, चाक फिरवायचं, बघायचं, पुन्हा पाव फेरा. रोज शाळेतून आल्यावर तेच. महिना गेला. एक दिवस चाक फिरवलं तर ब्रेकच्या रबराला कुठेच न घासता फिरत राहिलं. मी तिथेच खाली बसून रडले.

दुसऱ्याच दिवशी निघाले. धानाची रोवणी चालू होती. डांबरी रस्ता झाला, मुरूम झाला, पारीवरून तर अशी गेले की काय सांगू. पार उतरताना हँडल डावीकडे वळवलं. हँडल वळलं, पण पुढचं चाक सरळच गेलं, आणि मी सायकलसकट चिखलानं भरलेल्या बांधीत. रोवणीच्या बाया कमरेवर हात ठेवून बघून राहिल्या. त्यांतली एक शांतपणे म्हणाली, "मॅडम, शाळा तिकडं हाय."

त्यांनीच मला वर काढलं. साडीचं बघायच्या आधी मी मागचं चाक उचलून फिरवलं. सरळ, बाबा! चिखल उडवत सरळ फिरत होतं. हँडलचा बोल्ट मात्र मी रात्री हातानंच बसवला होता, सकाळी पान्यानं आवळू म्हणून, आणि सकाळी उशीर झाला. म्हणजे चाकाचं तुम्ही चुकलात आणि घाईचं बरोबर निघालात. यावर तुमच्याशी तिथेच भांडावंसं वाटलं. इतकी आठवण तुमची मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणून इथेच सांगून टाकते. घरी मी सांगितलंय की कुत्रं आडवं आलं. शाळेतही तेच. यांनी कुत्र्याचा रंग विचारला, मी काळा सांगितला. कुत्रं नव्हतं, बाबा.