खिडकीची काच काढल्याबद्दल

शिरूर,
शनिवार, १८ एप्रिल

आदरणीय म्हाळूदादा,
सप्रेम जयभीम.

परवा, गुरुवार दिनांक १६ एप्रिल रोजी, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी, तुम्ही माझ्या हॉलच्या खिडकीची काच बावीस पाहुण्यांदेखत, मला न विचारता काढलीत. (तक्रार लिहायची तर आधी तारीख, मग वेळ, मग गुन्हा, असं दौंडच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं. रेल्वे गार्डाच्या मुलीला त्यांनी एवढं एकच हत्यार दिलं, ते मी जन्मभर वापरत आले.)

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर? गुरुवारी विचारायचं राहिलं, कारण तुम्ही आलात तेव्हा मी भाषण करत होते आणि निघालात तेव्हा ओरडत होते. माझी प्रकृती ठीक आहे. अंगावर घामोळं आलं आहे, पण त्याचा या पत्राशी संबंध नाही. (आहे. पुढे येईल.)

आता हकीकत. आमच्या बिल्डरच्या ऑफिसातला रविराज महिन्याभरापूर्वी माझ्याकडे आला आणि म्हणाला, मॅडम, आमच्या सर्टिफिकेटवाल्या 'हरित आणि आरोग्यदायी घरा'चा नमुना म्हणून तुमचाच फ्लॅट दाखवू, तेहतीस वर्षं दवाखान्यात मेट्रन असलेल्या बाईनं घराला आरोग्यदायी म्हटलं की लोक विश्वास ठेवतात. खरं तर मी त्याला तिथंच चहा पाजून वाटेला लावायला हवं होतं. पण निवृत्तीनंतर मला मॅडम फक्त गॅस सिलिंडरवाला म्हणतो, तोही पावतीवर सही हवी असेल तेव्हा. मी हो म्हणाले, इतकंच नाही तर भाषण लिहून काढलं, आरशासमोर दोनदा म्हटलं, आणि तुम्हालाही मुद्दाम बोलावलं. मुद्दाम यासाठी की, वरवंडच्या आपल्या जागेवर लेकीसाठी, दीक्षासाठी, तुम्ही स्वतःच्या हातांनी घराच्या पायाची चुन्याच्या फक्कीनं आखणी केली होती, आणि मी तिला फोन करून करून ती तुमच्याकडून पुसायला लावली होती. माझ्या डोक्यावरचा, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट तिनं घ्यावा, हे माझंच डोकं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या बापाला कळू दे, आता घरं कशी बांधतात, असं माझ्या मनात होतं.

रविराज पुण्याचा. त्यानं कार्यक्रमाला गुरुवार निवडला. शिरूर ते दौंड कुणालाही विचारा, गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. इथं लोक गुरुवारी दळण टाकत नाहीत. मला हे ठाऊक होतं. पण आमच्या गच्चीवर सोलर आहे, तेव्हा लाइट गेली तर उलट आपलीच शान, असा हिशेब मी केला. भाषणात मी सांगितलं की या भिंतींतून ऊन आत येत नाही, या दुहेरी काचांतून गारवा बाहेर जात नाही, आणि मला पंखासुद्धा लागत नाही. माणसं मान डोलवत होती, कारण हॉल खरोखर थंडगार होता. (सकाळी सात वाजल्यापासून दोन्ही बेडरूमचे एसी लावून मी दारं किलकिली ठेवली होती. हे आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही.)

एक वाजून पाच मिनिटांनी लाइट गेली. त्याबरोबर सोलरही गेलं. बॅटरी नसलेलं सोलर लाइट गेली की आपोआप बंद होतं, लाइनवर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. हे रविराजला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. दहा मिनिटांत त्या पश्चिमेच्या मोठ्या काचेनं आम्हाला भाजायला घेतलं. राहू गावाहून आलेल्या मालनबाईंनी माहितीपत्रकाची घडी करून वारा घ्यायला सुरुवात केली आणि पाठोपाठ सगळ्यांनीच. मग तुम्ही मागच्या खुर्चीवरून, अगदी हळू आवाजात, विचारलंत, "करुणा, हिच्यातली उघडती कंची?" मी म्हणाले, या घरात खिडकी उघडावी लागत नाही. तुम्ही म्हणालात, "घराला लागत नसंल. आत माणसं हायती, त्यांला लागती." आणि लोक हसले. तुम्हाला नाही, मला. त्यानंतर तुम्ही खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढलात.

वारा आला हे मी नाकारत नाही. पण वारा येताच मी जे बोलले ते इथं लिहिणं भाग आहे, कारण तक्रारीत दोन्ही बाजू यायला हव्यात. मी म्हणाले, "जन्मभर लोकांच्या विटा रचल्यात म्हणून सर्टिफिकेटच्या घराला हात लावायची अक्कल येत नाही." दीक्षा समोरच बसली होती. तिनं फरशीकडे पाहिलं. तुम्ही काचेचा कोपरा तुटू नये म्हणून खाली टॉवेलाची घडी घातलीत, काच भिंतीला टेकवलीत, चपला घातल्यात आणि न जेवता एस.टी.ला गेलात. श्रीखंड अजून फ्रिजमध्ये आहे. मला ते जात नाही.

सबब माझी मागणी अशी की, काच पूर्ववत बसवून द्यावी आणि झाल्या प्रकाराबद्दल लेखी खुलासा करावा.

तुमची,
करुणा

ता. क. काच बसवू नका. बेडरूमचीही काढायला या. प्रत्येक खिडकीला बिल्डरनं एक छोटी सरकती फट ठेवली होती; उसाचं पाचट जाळल्याची काजळी आत येते म्हणून डिसेंबरात मीच त्या सगळ्या सिलिकॉन भरून बंद केल्या. घामोळं त्याचंच. तेहतीस वर्षं मी वॉर्डावॉर्डांतून नर्सेसच्या अंगावर ओरडत फिरले, खिडक्या उघडा म्हणून.

ता. क. दुसरा. दीक्षाचा फ्लॅट वरचा, म्हणजे डोक्यावर थेट स्लॅब आणि समोर तीच पश्चिम. माझ्याहून वाईट भाजेल, आणि तिच्या लेकीची छाती आधीच उन्हाळ्यात भरते. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. तरी मी तारीफ केली. वर कुणीतरी आपलं चालतंय, खुर्ची ओढतंय, एवढं ऐकू आलं असतं म्हणून. हिरवं घर वगैरे नंतर सुचलं.

ता. क. तिसरा, आणि हेच खरं पत्र. तीस तारखेला सकाळी अकरा वाजता दीक्षा करारावर सही करणार आहे. त्याआधी, रविवारी २६ तारखेला, ती माझ्याकडे येते आहे. तिला मी सगळं सांगणार, एसीचंसुद्धा. तुमच्याबद्दल बोलले त्याची माफी तिच्यासमोरच मागायची आहे, कारण अपमान तिच्यासमोर केला. ती चिडेल. चिडल्यावर ती काकूसारखी, तुमच्या आईसारखी, गप्प होते, आणि ते मला एकटीला सोसणार नाही. तुम्ही फक्त शेजारी बसा. येणार की नाही ते बुधवार, २२ एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा, एस.टी.च्या कंडक्टरकडे चिठ्ठी दिलीत तरी चालेल. फोन करू नका. फोनवर तुम्ही "जाऊ दे गं" म्हणाल, आणि मी जाऊ देईन.