सात वस्त्यांची जीप

मी, मुंजाबा रावजी गोरे, वय अठ्ठ्याहत्तर, चौथी पास, राहणार फर्दापूरजवळ, आमच्याच वस्तीवर. सोमवारी शहरात छातीचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे, प्यालेलो नाय, मागं उभं राहून कोणी लिहून घेत नाय. म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहितो.

१. घर नि दोन एकर मुलगा रामहरीला. भांडायला दुसरं कोणी नाय.

२. जीप. इथं नीट वाचा. सात वस्त्यांचा आजारी माणूस दवाखान्यात हिच्यातच जातो. रामहरी म्हणतो, "आबा, फाट्यावर लावू, लेण्यांची भाडी मिळतील." नाय. फाट्यावर मीच लावली होती, किलोमीटर मोजून, सगळ्यांना जवळ म्हणून. रामहरी, तुझ्या आईला साप चावला त्या दुपारी फरशी पुलावरून पाणी चाललं होतं. जीप पलीकडं दिसत होती. म्हाळसाबाई तिच्याकडं बघत गेली.

३. मग मी वहीत दर रस्त्याला, पावसात किती भरवशाचा ते बघून, सोळापैकी आणे दिले. डांबरी सोळा, फरशीचा चार. नात योगिनीनं वही कॉम्प्युटरात घातली. म्हणाली, "आबा, याला फजी ग्राफ म्हणतात. रस्ता आहे का नाय असं नसतं, किती आहे ते असतं." म्हटलं, मेंढरामागं हिंडलेल्याला हे शिकवू नको. पण पोरगी हुशार. अख्ख्या वाटेला तिच्या सगळ्यात कच्च्या तुकड्याइतकेच आणे धरले. मग एकेक रस्ता तोडून बघितला. कुठलाबी एक तुटला तरी सातही वस्त्यांना दहा आण्यांची वाट उरते, अशी जीप लावायची जागा एकच निघाली. माझा भाऊ कडुबाचा गोठा.

म्हटलं, परत मोज. तीनदा मोजलं.

४. कडुबाशी एकवीस वर्षं बोलणं नाय. मेंढरांच्या वाटणीत घंटेवाला एडका मी ओढून नेला. एडका त्याचाच होता. आजवर कबूल केलं नाय, इथं करतो. फाट्यावरची माझी जागा, जीप लावायचो ती, कडुबाला. त्यानं गोठा जीपला द्यावा. घंटाबी त्याचीच, खुंटीला आहे.

५. माझ्यामागं जीप रामहरीची, पण त्यानं ती भाड्याला लावली तर त्या दिवसापासून ती योगिनीची.

सह्यांच्या आधीच साक्षीदार मोतीराम उठला नि कडुबाला घेऊन आला. कडुबा दारातूनच म्हणाला, "तू मेल्यावर गोठा देऊ व्हय? तवर कुणाला साप चावला तर? चावी टाक."

चावी दिली. कलम दोन ते चार आजपासूनच लागू. रामहरी गप आहे, म्हणून पाचवं तसंच राहू द्या.

सही: मुंजाबा रावजी गोरे
साक्षीदार: १. मोतीराम २. काकासाहेब
फर्दापूर, जि. छत्रपती संभाजीनगर. १४ जून २०२५

घंटा मिळाली. कडुबा रावजी गोरे, डावा अंगठा.