आंगणात एका गाडीची जागा

मोहर्ली रोड
बुधवार, दुपार

प्रिय लोकेश,

पत्र पाहून तुला हसू येईल. घरात दोन-दोन मोबाईल असून ही बाई कागद काळे करून राह्यली, म्हणशील. पण मी तरी काय करू? तू फोन उचलतोस, ‘हो, हो, बोल’ म्हणतोस, आणि मी आंगणाचं नाव काढलं की नेमका तेव्हाच तुझा ट्रक वजनकाट्यावर लागतो. म्हणून लिहायला बसले. शेजारचा विक्की उद्या सफारीची जिप्सी घेऊन तिकडं, चंद्रपूरच्या गॅरेजला जाणार आहे, त्याच्या हाती हे देते. तू वाचून होईपर्यंत तिथून हलायचं नाही, असं त्याला बजावून ठेवलं आहे, तेव्हा खिशात कोंबून ‘मग वाचतो’ चालणार नाही. मायसमोर मी अजूनही तुझं नाव घेत नाही, ‘हे’ म्हणते. कागदावर कोण ऐकतं, म्हणून लोकेश लिहिलं. बरं वाटलं.

आता नीट वाच. येत्या मंगळवारी आपल्या होमस्टेची पाहणी आहे. एक तारखेला सफारीसाठी जंगल उघडतं. त्याआधी नोंदणीचा कागद हवा, आणि पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करायला ज्याच्या स्वतःच्या आवारात जागा नाही, त्याला तो मिळणार नाही. आणि कागद नाही तर पाहुणा ठेवता येणार नाही. दोन खोल्यांमागे एक गाडी, असा नियम आहे. आपल्या चार खोल्या, म्हणजे दोन गाड्या, वर त्या वळवायला जागा. रस्त्यावर एक चाक दिसलं तरी कागद रद्द. आणि आपलं घर तुला माहीतच आहे. पुढं रस्ता, मागं नाला, एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला गुरांचा कोठा, आणि मधल्या आंगणात ते मोहाचं झाड. मंजूर झालेल्या नकाशात मोह नाहीच. त्याच्या जागी दोन गाड्या काढल्या आहेत, आरपार. झाड तोडायची परवानगीही त्याच कागदांसोबत आली. शनिवारी जेसीबी येणार आहे. लोकेश, आज बुधवार आहे.

गावात सगळ्यांचीच धांदल चालली आहे. सुगंधाबाईनं कोंबड्यांचं खुराडं घराच्या मागं नेलं, आता कोंबड्या रोज संध्याकाळी जुन्या जागेवर येऊन बसतात आणि ती त्यांना शिव्या देत हाकलत फिरते. रुखमाबाईनं तर सारवलेल्या आंगणात चुन्यानं दोन गाड्यांचे चौकोन आखले आणि एका चौकोनात उडदाचे पापड वाळत घातले. पाहणीवाले आले की पापड उचलीन म्हणते. तू असतास तर पोट धरून हसला असतास. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं, तेव्हा ती बिचारी पापड टाकून पाणी आणायला पळाली. माय तशी बरी आहे. गुडघे दुखतात, पण सांगत नाही. जेसीबीचं तिला कळल्यापासून ती आंगणाकडं पाठ करून बसते. परवापर्यंत ताटातला भात अर्धा तसाच राहायचा.

चूक माझी आहे, ती आधीच सांगून टाकते, मग तुला काय बोलायचं ते बोल. आषाढात नकाशा काढायला चंद्रपूरचा राजदीप म्हणून पोरगा आला होता. पोरगा चांगला आहे, चप्पल बाहेर काढून आंगणात आला, मायला ‘आजी’ म्हणाला. टेप लावून त्यानं विहीर मोजली, कोठा मोजला. मग मोहाखाली उभा राहून मला विचारलं, की बाई, ह्याच्या खाली काही आहे का? टाकी, पाइप, देवाचं ठाणं, काहीही असेल तर सांगा, मी झाड सोडून नकाशा काढतो. त्यानं एकदा नाही, दोनदा विचारलं. मायनं मान फिरवली. आणि मी म्हणाले, काई नाई. काई नाई इथी. त्यानं लिहून घेतलं, मोकळी जागा. मी खाली सही केली. अगदी बारावी शिकल्यासारखी, नाव-आडनावासकट.

मी दुसरं काय म्हणणार होते, सांग ना. तूच सांग. आपल्यात तान्हं लेकरू गेलं तर त्याला दूर नेत नाहीत, मोहाखाली ठेवतात. मोहाच्या सालीत दूध असतं, ते त्याला मिळतं म्हणतात. पुरुषांनीच न्यायचं. बाईनं मागं जायचं नाही, पाहायचं नाही, जागा विचारायची नाही, परक्याजवळ तर तोंडातून काढायचीच नाही. म्हणजे ते निवांत झोपतं आणि पुन्हा आपल्याच घरी येतं. त्या दिवशी मायनं मला हे कानात सांगितलं होतं. तू आणि बाबा तिला घेऊन बाहेर गेलात, आणि माय मला उराशी दाबून खोलीत बसली होती. कुदळीचा आवाज येऊ नये म्हणून मी दोन्ही कान झाकून घेतले होते. एकोणीस दिवसांची होती आपली पोर. अजून नावही ठेवलं नव्हतं. तर परक्या पोराला मी कसं सांगू, की बाबू, इथी माझी लेक आहे? जीभ रेटलीच नाही. ‘देवाचं ठाणं’ म्हणाले असते तरी भागलं असतं. तेवढीही अक्कल सुचली नाही मला.

आणि ह्या नियमाला नावं ठेवायचं तोंडही मला नाही. ग्रामसभेत अर्ज मीच दिला होता, त्यावरूनच हा नियम आला. तुला विक्कीनं सांगितलंच असेल. तू गेलास त्याच्या दुसऱ्या वर्षी मी उभी राहिले आणि म्हणाले, रस्त्यावर गाड्या लावू नका. ज्याच्या घरी पाहुणा, त्याच्या आंगणात गाडी. होमस्टेवाले माझ्यावर धावून आले, की हिच्याच घरी चार खोल्या आणि हिलाच खाज. मी खाली बसले नाही. कारण मला ती मे महिन्यातली दुपार दिसत होती. सुट्ट्या लागून आलेल्या, दुपारच्या सफारीची वेळ, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या. पोर पोट आत ओढून ओढून श्वास घेत होती. अँब्युलन्स आली, पण शाळेपाशीच अडकली, पुढं यायला वाटच नव्हती. भोंगा ऐकू येत होता, गाडी येत नव्हती. तू पोरीला उचललंस आणि पळालास, गाड्यांच्या मधून, आरशांना कोपर लागून तुझा हात सोलला होता. मी ओसरीवरून तुझं डोकं दिसेपर्यंत पाहत होते. तू परत आलास तेव्हा पळत नव्हतास.

मग मी जे बोलले ते तू विसरला नाहीस, मीही नाही. दारात उभी राहून मी म्हणाले, तुह्याच पाहुण्याच्या गाड्या होत्या. सगळ्यांसमोर. बाबांसमोर. तू महिनाभरात ट्रकवर गेलास. मागच्या वर्षी बाबा गेले तेव्हा तीन दिवस राहिलास, पण आंगणात पाय ठेवला नाहीस, नाल्याकडच्या दारानं ये-जा केलीस. सोयरे म्हणाले, लोकेशचा बापावर लय जीव होता, तोंड दाखवत नाही कुणाला. मला ठाऊक होतं तू कुणाला तोंड दाखवत नव्हतास.

आता ते ऐक, जे मी तीन वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी आपल्या दारासमोर तीन गाड्या होत्या. दोन तू लावल्या होत्यास, अगदी कडेला, भिंतीला चिकटवून. तिसरी, ती मोठी पांढरी, जिनं रस्ता खाल्ला होता, ती आली तेव्हा तू जंगलाच्या गेटवर पाहुण्यांचे पास काढायला गेला होतास. त्या साहेबानं खिडकीतून विचारलं, गाडी कुठं लावू? मी ओसरीवर पोरीला मांडीवर घेऊन बसले होते. मी हात केला आणि म्हणाले, लावा ना साहेब, इथीच लावा, कोणी काई म्हणत नाई. मीच म्हणाले, लोकेश. मी. आणि बोल तुला लावला. तू तीन वर्षं माझं पाप डोक्यावर घेऊन ट्रक चालवून राह्यला आहेस आणि मी इथं चादरी धुते, पाहुण्यांना मोहाच्या फुलांची भाकर खाऊ घालते, आणि त्यांनी कौतुक केलं की हसते. मला माफ कर म्हणायचीही लाज वाटते. तरी म्हणते, माफ कर.

काल मी चंद्रपूरला गेले होते. तुला भेटायला नाही, भिऊ नको. राजदीपच्या ऑफिसात गेले. नकाशा बदलून द्या म्हणाले. तो म्हणाला, बाई, पाहणी आठवड्यावर आली, आता का? मी पदर मुठीत धरून बसून राहिले. त्यानं चहा मागवला. मग माझ्याकडं न पाहता, कागदाकडं पाहत हळूच म्हणाला, की आजींनी तेव्हा मान फिरवली होती, ते मला आठवते. आमच्या घरी ही रीत नसेल, पण आम्हीही याच मुलखातले आहोत. लोकेश, मी त्याच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. तीन वर्षांत कुणासमोर अशी मोकळी रडले नव्हते, आणि रडले ते कुणासमोर, तर नकाशेवाल्यासमोर.

त्यानंच वाट काढली. चारपैकी दोन खोल्या बंद केल्या तर नियमानं एकाच गाडीची जागा लागते. एक गाडी मोहाला हात न लावता, त्याच्या बाजूनं बसते. फाटकातून सरळ आत आणि सरळ मागं, वळवायचीही गरज नाही. मग झाड राहतं, जेसीबीला नाही म्हणता येतं. घराची कमाई अर्ध्यावर येईल, ते कळतं मला. मायला विचारलं. ती म्हणाली, ‘दोन खोल्याईत का भागत नाई? पोरीले हलवू नको.’ तीन वर्षांत तिच्या तोंडून ‘पोरी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. मग आम्ही दोघींनी विहिरीकडच्या दोन्ही खोल्यांतल्या गाद्या उचलल्या आणि कुलपं लावली. संध्याकाळी ती पोटभर जेवली.

राजदीप शुक्रवारी सकाळी नवा नकाशा दाखल करणार आहे. सगळं काढून झालं आहे, एक चौकोन तेवढा राहिला. त्यानं विचारलं, गाडी झाडाच्या कोणत्या बाजूला दाखवू, विहिरीकडं की कोठ्याकडं? सांगते म्हणाले आणि उठले. मला माहीत नाही, लोकेश. मायलाही माहीत नाही. बाबा अंथरुणावर होते तेव्हा मी रीत मोडून त्यांना विचारलं होतं. त्यांनी डोळे मिटून नुसता हात हलवला. तुम्ही वर ठेवलेले काटे आणि दगड पहिल्याच पावसाळ्यात गेले. तीन वर्षं मी त्या मोहाच्या भोवती कुठंच झाडू मारत नाही, कारण कुठं मारायचा नाही ते मला ठाऊक नाही. फुलं पडतात ती तशीच पडू देतो. आता एका बाजूनं रोज गाडीचं चाक जाणार आहे, सकाळी आणि संध्याकाळी. ती बाजू मला निवडायची आहे, आणि ते सांगू शकणारा माणूस जगात एकटा तूच उरला आहेस. बाईनं विचारू नये, तरी मी विचारते. त्याचा जो दोष लागायचा तो मला लागू दे. यायचं नसेल तर येऊ नको. राग असेल तर राग ठेव, तुझा हक्कच आहे. पण विक्की तुझ्यासमोर उभा आहे, त्याच्याकडं पेन दिला आहे. बोलवत नसेल तर ह्याच कागदाच्या मागं एक शब्द लिही, विहीर किंवा कोठा. मी हात जोडते, पाया पडते. आपली पोर कोणत्या बाजूला झोपली आहे, एवढं तिच्या आईला सांग.

तुझीच,
करिश्मा