कावळा नसलेल्या देशात तुझं पान

आई,

तुला जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा उत्तराची वाट बघत नाही. तू असतानाही माझ्या पत्रांना उत्तरं बाबाच लिहायचे. सांगायचं एवढंच, की या देशात आपला कावळा नाही. संस्कृतात एम. ए. केलेल्या माणसाने येण्याआधी हे बघायला हवं होतं. पुण्यात तू गच्चीच्या कठड्यावर पान ठेवायचीस आणि मला दटावायचीस, "वड्याकडे टक लावू नकोस, ते लाजतात." ते म्हणजे कावळे की आजोबा, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

इथे पामर्स्टन नॉर्थला दर पितृपक्षात मी दर्भाचा कावळा करून पानाला टेकवत आलो. शास्त्राची त्याला हरकत नाही, पण आई उपाशीच परत गेली असं दिवसभर वाटत राहायचं. म्हणून २०१८ साली खीर, वडे, भात डब्यात भरले आणि लेकीला घेऊन फॉक्सटनच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे पक्षी चिक्कार. लाल चोचीचे काळेकुळकुळीत ऑयस्टरकॅचर तर लांबून अगदी आपले वाटतात. "बट बाबा, हाऊ विल शी नो इट्स हर्स?" लेकीने विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, बोलायचं मात्र इंग्रजीच. म्हटलं, "तुझ्या आजीला स्वतःचा वडा ओळखता येतो."

मी वाळूवर पान मांडतोय, तोच गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या एक बाई येतात. त्या तिथल्या पक्ष्यांवर लक्ष ठेवतात. "किआ ओरा. पिकनिक का?"

"माझ्या आईचं जेवण आहे."

त्या इकडेतिकडे आई शोधू लागतात. "ती वारली," मी म्हणतो. मग त्या माझ्याशेजारी वाळूत बसतात आणि हळूच बोट दाखवतात. चार हातांवर, शिंपल्यांच्या शेजारी, वाळूच्याच रंगाची तीन अंडी. डॉटरेल नावाच्या चिमुकल्या पक्ष्याची. "हे अन्न बघून सीगल येतील," त्या म्हणतात. "ते संपलं की अंडी खातील. सॉरी हं, तुमच्या आईचं आहे, तरी सांगावं लागतं."

मी पान उचललं. तूही उचललंच असतंस. पण लेक माझ्याकडे बघत राहिली. "सो आजी डझन्ट गेट एनीथिंग?" मी वडे परत डब्यात भरू लागलो.

बाईंनी आपला तिपाईवरचा टेलिस्कोप तिच्या उंचीला आणून दिला. समोरच्या खाडीतल्या चिखलात लांब चोचींचे गॉडविट उतरले होते. इथे त्यांना कुआका म्हणतात. थेट अलास्काहून नुकतेच आलेले, वाटेत कुठे न टेकता, काही न खाता. त्यातला एक फारच वाळलेला होता. पुन्हा पुन्हा चोच खुपसायचा, हाती काही लागायचं नाही. लेकीने टेलिस्कोपमध्ये त्यालाच धरून ठेवलं. "कम ऑन, आजी," ती पुटपुटली.

पुनर्जन्माबद्दलची माझी मतं तुला ठाऊक आहेत; बाबांपासून ती तूच लपवायचीस. तरी मी तिला दुरुस्त केलं नाही. तिने डोळा बाजूला केला तेव्हा मी लावला, आणि मग तिला परत देईना. शेवटी त्याने चिखलातून एक लांबलचक किडा ओढून काढला आणि गिळला.

तू चातुर्मासात कांदासुद्धा शिवायची नाहीस. पण खरं सांगतो, मी हात जोडले.