ताडाची सावली

रविवार, दिवेलागण

इंजिन सुधारलं एकदाचं. मग डोकं का फिरलंय माझं?

कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या सिम्युलेटरसाठी हे छोटं विमान मुद्दाम वेगळं विकत घेतलं होतं. पंख वर असल्यामुळे खालची जमीन सरळ दिसते, आणि आप्पांना तेवढंच बघायचं असतं. सिम्युलेटरमधली आमच्या काल्हेर गावाची उपग्रहचित्रं जुनी. त्यात आमचं विकलेलं शेत अजून हिरवं होतं, बांधावरच्या ताडाची लांब सावलीसुद्धा दिसायची. पण खाडी ओलांडली की इंजिन बंद पडायचं. सावली जेमतेम दिसते न दिसते तोच विमान खाली.

आज फोरमवर उपाय सापडला: आधी सिम्युलेटर अपडेट करा. केला. मोठा शहाणा मी! इंजिन पॉवरलूमसारखं धडधडत खाडीपार गेलं. आप्पांना हाक मारली. ते चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले.

खाली शेताच्या जागी गोडाऊनचे पत्रेच पत्रे. अपडेटमध्ये जमिनीची चित्रंही नवी आली होती. हे आधी वाचायला काय झालं होतं मला?

"सावली कुठं हाय रं?" आप्पांनी विचारलं.

मी दोन घिरट्या घातल्या. कशाला, कुणास ठाऊक. "आप्पा, इंजिन बघा ना, आता बंद पडत नाही."

"ह्ये पत्रं तं आपल्या खिडकीतनं बी दिसतात," म्हणाले आणि कप घेऊन उठले.

जुनी चित्रं परत मिळत नाहीत, तेही विचारून झालं. विमान अजून तिथंच फिरतंय. मेलं इंजिन बंदच पडत नाही.