काळ्या वाळूत पडलेल्या चंपाची जखम निळी का नाही, याबाबत

प्रति,
मा. महिला पोलीस निरीक्षक,
हळेभट्टी पोलीस ठाणे, बेंगळुरू.

अर्जदार : सूर्यकांत दौलतराव बावणे, वय ७६, निवृत्त शिक्षक.

विषय : फौंड्री कामगार श्रीमती चंपा यांना झालेली इजा हा अपघात नसून मारहाण असल्याबाबत, व त्यांची मुलगी कु. पवित्रा (वय साडेनऊ) हिचे म्हणणे नोंदवून घेण्याबाबत.

संदर्भ : दि. २ ऑगस्ट २०२५ च्या घटनेची आपल्या ठाण्यातील 'अपघात' अशी नोंद.

महोदया,

क्षणभर डोळे मिटावेत, ही पहिली विनंती. अर्जदार दर रविवारी मुलांना गोष्टी सांगायचा वर्ग घेतो, तिथे असे म्हणायची त्याची सवय आहे आणि आपण वयाने त्याच्या नातीच्या जवळपास आहात, तेव्हा राग नसावा. असे समजा की आपण जमिनीखाली तीनशे फुटांवर उभ्या आहात. हातात दिवा, डोक्यावर कोळशाचे छत, आणि पायाशी एक बाई मरून पडली आहे. मुकादम म्हणतो, छत कोसळले. सगळे माना डोलावतात. आपण आधी काय पाहाल?

(आपण निपाणीकडच्या असून मराठी वाचता असे कळल्याने अर्ज मराठीत केला आहे. कानडी भाषांतर अर्जदाराची मुलगी वीणा हिने केले आहे, ते सोबत आहे.)

१. अर्जदाराचा जन्म बल्लारपूरकडच्या एका खाणवसाहतीत झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत बायकांना पुन्हा खाणीत उतरवले गेले, त्यांत अर्जदाराची आई होती. तिच्या भुवईवर निळी रेघ होती. खाणीत झालेल्या जखमेत कोळशाची धूळ राहते आणि कातडी तिच्यावरून भरून येते. ती खूण मग सरणापर्यंत निळीच राहते. वर, घरात झालेली जखम मात्र साधी, पांढरट भरते. त्यामुळे कोणत्या बाईला खाणीने मारले आणि कोणत्या बाईला माणसाने, हे नळावर पाठ चोळताना सगळ्या बायकांना दिसे. बोलत कोणी नसे.

२. निवृत्तीनंतर अर्जदाराने त्या काळावर तीन रहस्य कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली सोयराबाई खाणीच्या दिवाखोलीत कामाला आहे. खाली जाणाऱ्या प्रत्येकीला दिवा द्यायचा आणि वर आल्यावर काच पुसून परत ठेवायचा, हे तिचे काम. पहिल्या कादंबरीत ती मेलेल्या बाईला न्हाऊ घालते. पाठीवर चार खुणा निळ्या, नऊ पांढऱ्या. फुटलेल्या डोक्यात कोळशाचा एक कण नाही. म्हणजे छत नव्हे, मुकादमाच्या बंगल्यातले फावडे. शेवटी वसाहतीतल्या बायका लोखंडी घमेली घेऊन त्या मुकादमाचे काय करतात, ते प्रकरण अर्जदार वर्गात वाचत नाही; मुकादमाला तुरुंग झाला, एवढे सांगून थांबतो. एकट्या पवित्राने ते चार वेळा मागितले. "अज्जा, त्याला नुसता तुरुंग? एवढ्यावर भागलं?"

३. पवित्रा ही चंपाची एकुलती मुलगी, रविवारच्या वर्गाला येते. मायलेकी चिकोडीकडच्या. वडील नाहीत. चंपा ज्या फौंड्रीत ओतकामाचे वाळूचे साचे भरते तिथल्या वाळूत कोळशाची भुकटी मिसळतात, म्हणून ती काळी असते. तिथे खरचटले की खूण निळी-काळी भरते. कामगारांचे कोपर पाहिल्यास आपल्याला पटेल. बायकांवर देखरेख करणारा योगीराज नावाचा माणूस आहे, त्याला सगळे मेस्त्री म्हणतात.

४. दि. १३ जुलै रोजी मुलांना गोष्टीवर चित्र काढायला सांगितले होते. पवित्राने एक पाठमोरी बाई काढली. अंगावर निळ्या पेनाने पाच खुणा, लाल पेनाने अकरा. अर्जदारास वाटले, पोरीने सोयराबाईची गोष्ट काय सुरेख समजून घेतली! आकडे तेवढे चुकले आहेत. त्याने दहापैकी दहा गुण दिले, "शाब्बास, पण निळ्या चार होत्या बरं का" असे म्हणाला, आणि चित्र भिंतीवर लावले. ते चित्र तीन रविवार भिंतीवर होते. छत्तीस वर्षे शिकवलेल्या माणसाने त्याखाली उभे राहून ते एकदाही वाचले नाही.

५. दि. २ ऑगस्ट रोजी दुपारी चंपाला रुग्णालयात आणले. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडलेला, चार दात घशाकडे गेलेले, डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत जखम. सोबत योगीराज होता. "वाळूच्या ढिगावर तोंडावर पडली," असे त्याने सांगितले, आणि तसे लिहिलेल्या कागदावर चंपाचा अंगठा त्यानेच उठवून आणला. जबडा तारेने बांधलेला असल्याने तिला बोलता येत नाही. लिहिता तर कधीच येत नव्हते.

अर्जदार दि. ११ रोजी भेटीस गेला तेव्हा पवित्राने त्याचा हात धरून खाटेजवळ नेले. "अज्जा, बघा की. वाळूत पडली म्हणतोय, आणि वाळू कुठाय?" खरोखर जखमेची कड गुलाबी होती, स्वच्छ. मग तिने आईच्या झग्याची नाडी सोडून पाठ दाखवली. पाच निळ्या, अकरा पांढऱ्या. चित्रातल्याच जागी.

"ही पाणी प्यायला थांबली म्हणून," पवित्रा बोट ठेवत म्हणाली. "ही हसली म्हणून. ही मला शाळेत सोडायला गेली म्हणून. ही कशाची ते आई सांगंना."

"मग मला आधी का नाही सांगितलंस, बाळा?"

"सांगितलं की. तुम्ही मार्क दिले."

६. यानंतर अर्जदाराने दुसरी चूक केली. बाहेरच्या व्हरांड्यात येऊन त्याने डॉक्टरांना जखमेचे सगळे गणित समजावले: काळी वाळू, निळी खूण, स्वच्छ कड. अर्जदाराचा आवाज वर्गातला आहे, शेवटच्या बाकापर्यंत जातो. शेवटच्या बाकावर योगीराज बसला होता. तो उठून आला आणि हसून म्हणाला, "मास्तर, असल्या गोष्टी सांगून पोरीचं डोकं फिरवलंत. जरा वयाला जपा आता."

दुसऱ्या दिवशी जे झाले त्यामुळे चंपाच्या गालावरच्या जखमेचा पुरावा बिघडला आहे. त्याची जबाबदारी अर्जदाराची आहे आणि ती आपण नोंदवून घ्यावी.

७. चंपाला गुरुवारी, दि. २१ रोजी, घरी सोडणार आहेत. तिला गावी नेऊन सोडायला योगीराजने गाडी ठरवली आहे. पवित्राही त्याच गाडीत. चिकोडीचा रस्ता लांब आहे आणि बोलू न शकणारी बाई व साडेनऊ वर्षांची मुलगी त्या गाडीतून कुठे उतरतील, हे अर्जदारास सांगता येत नाही. त्याला झोप लागत नाही. म्हणून विनंती अशी की, गुरुवारपूर्वी :

चंपाच्या पाठीवरील सोळा खुणा सरकारी डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात. खूण भरली तरी रंग जात नाही. पवित्राचे म्हणणे गोष्ट म्हणून नव्हे, जबाब म्हणून लिहून घ्यावे. त्या गाडीत दोघींना बसू देऊ नये. वीणाने आपल्या घरातली मागची खोली रिकामी केली आहे.

आणि योगीराजचे उजवे मनगट पाहावे.

दि. १२ रोजी दुपारी साडेचारला त्याच रुग्णालयाच्या तळमजल्यावर योगीराजने कुत्रे चावल्याचे सांगून इंजेक्शन घेतले, त्याची नोंद तिथे आहे. पुढची इंजेक्शने घ्यायलाही तो इमानाने येतो. बायकांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथे कुत्रे येत नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईंना अर्जदाराने विचारले, तर त्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "नायि अल्ल, हुडुगि." कुत्रा नव्हे, पोरगी. मनगटावरील खुणेत वरचा डावा सुळा उमटलेला नाही. पवित्राचा तो सुळा जुलैत पडला आहे. खूण आता निळी भरू लागली आहे. रुग्णालयात चावा बसलेल्या माणसाच्या जखमेत फौंड्रीची वाळू कशी गेली, एवढेच आपण त्याला विचारावे.

८. ते कसे झाले, हे अर्जदाराने मुद्दाम शेवटी ठेवले आहे. हे पवित्राने सांगितले आणि त्या म्हाताऱ्या बाईंनी पाहिले.

चार वाजता योगीराज केळी घेऊन आला. खिशातून त्याने कागदाची पुडी काढली. पुडीत काळी वाळू होती. डाव्या हाताने त्याने चंपाचे कपाळ उशीवर दाबून धरले आणि उजव्या अंगठ्याने ती वाळू गालाच्या टाक्यांत भरू लागला. टाके तुटले. रक्त उशीवर, उशीवरून खाली. चंपाला ओरडता येईना, कारण दात तारेने बांधलेले. नाकातून नुसता घुंई आवाज येत होता. "आता होईल निळी," तो म्हणाला. "दाखव तुझ्या मास्तरला."

पवित्रा खाटेखाली फरशीवर बसून भागाकार करत होती. ती ओरडली नाही. तिने वही मिटली, उठली, आणि त्याचे मनगट दातांत धरले. त्याने तिला दोनदा खाटेच्या लोखंडी पाइपवर आपटले. कपाळ फुटले, तिला तीन टाके आहेत. तिने सोडले नाही. तिसऱ्यांदा आपटल्यावर तो स्वतःच गुडघ्यावर बसला. मग तिने तोंड उघडले, चादरीवर सांडलेली वाळू दोन्ही मुठींत गोळा केली, आणि त्याच्या मनगटावर, जिथे जिथे दात लागले होते तिथे तिथे, दोन्ही अंगठ्यांनी चोळून भरली. सोयराबाई दिव्याची काच पुसते तशी. सावकाश, अगदी कडेपर्यंत.

कळावे. दोन चुकांचा धनी असलेला,

आपला नम्र,
सू. दौ. बावणे
बेंगळुरू, दि. १९ ऑगस्ट २०२५

सोबत :
कानडी भाषांतर.
कादंबरीची एक प्रत. शेवटच्या प्रकरणाची पाने पवित्राला वाचायला दिली असल्याने त्यात नाहीत.
कु. पवित्रा हिचे चित्र. त्यावरील गुण अर्जदाराने खोडले आहेत.